जुन्या लष्करी रायफलींसाठी हाताने काडतुसे भरणे: नळीच्या मापापासून पुंगळीच्या बुडापर्यंत

आधुनिक स्पोर्टिंग रायफलसाठी काडतूस भरणारा माणूस बहुधा अचूकतेच्या शोधात असतो, तर जुन्या लष्करी रायफलसाठी भरणाऱ्याला सर्वप्रथम त्या विशिष्ट रायफलचा स्वभाव ओळखावा लागतो. एकाच कारखान्यातून एकाच वर्षी बाहेर पडलेल्या दोन ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलींच्या नळ्यांचे माप वेगळे निघू शकते, कारण युद्धकाळात उत्पादनाचा वेग महत्त्वाचा होता आणि मापांतील सूट मुद्दाम मोठी ठेवलेली होती. म्हणून या लेखात दारूची मापे दिलेली नाहीत. ती नेहमी दारू आणि गोळी बनवणाऱ्या कंपन्यांच्या चालू मापपुस्तिकेतूनच घ्यावीत. त्या मापांकडे वळण्यापूर्वी आणि वळल्यानंतर काय तपासायचे, एवढाच येथे विषय आहे. अनेक देशांत काडतूस भरण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो आणि काही ठिकाणी त्याला सरळ मनाई असते, त्यामुळे साहित्य गोळा करण्यापूर्वी आपल्या ठिकाणचा कायदा नीट वाचावा.

सुरुवात रायफलीच्या ओळखीपासून करावी. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या रायफलींची काडतुसे वेगळी असतात, याचे चांगले उदाहरण म्हणजे इशापूरची २ए रायफल. तिची घडण जुन्या एसएमएलई (ली-एनफिल्डचा आखूड प्रकार) सारखीच असली, तरी तिचे काडतूस ७.६२ × ५१ मिलिमीटरचे आहे, ली-एनफिल्डच्या नेहमीच्या .३०३ इंचांचे नव्हे; तिचे चौकोनी मॅगझिन पाहिले की फरक लगेच ध्यानात येतो. ८ × ५७ मिलिमीटर माउझरमधला घोटाळा यापेक्षा धोकादायक आहे. मूळच्या जर्मन नळ्यांसाठी गोळीचा व्यास ०.३१८ इंच होता, तर विसाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या नव्या नळ्यांसाठी तो ०.३२३ इंच झाला. मोठी गोळी लहान नळीतून दडपली तर दाब फार वाढतो. याच जुन्या नळ्यांच्या धास्तीने अमेरिकी मानकाने या काडतुसाचा कमाल दाब ३५,००० पीएसआय (प्रति चौरस इंच पाउंड) एवढा कमी ठेवला आहे, तर युरोपीय मानकात तो ३,९०० बार, म्हणजे सुमारे ५६,५०० पीएसआय आहे. दोन मापपुस्तिकांतील आकडे एवढे वेगळे का दिसतात, याचे उत्तर यात आहे. अमेरिकी स्प्रिंगफील्ड १९०३ हाती असेल, तर रिसीव्हरवरचा (नळी आणि बोल्ट धरणाऱ्या मुख्य सांगाड्यावरचा) क्रमांकही पाहावा. स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराच्या ८,००,००० पेक्षा कमी क्रमांकांच्या रिसीव्हरांचे उष्णतासंस्करण सदोष असल्यामुळे ते ठिसूळ निघाल्याची नोंद आहे. अशी रायफल भिंतीवर शोभावी. तिच्यासाठी हलके काडतूस भरून पाहण्याचाही मोह मला योग्य वाटत नाही.

ओळख पटली की नळीचे माप घ्यावे. मऊ शुद्ध शिशाची गोळी नळीच्या व्यासापेक्षा किंचित मोठी घ्यावी, रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढावा, नळीला आतून तेलाचा हात द्यावा आणि तोंडाकडून ते शिसे लाकडी किंवा पितळी दांड्याने हळूहळू ठोकत दुसऱ्या टोकाने बाहेर काढावे. शिशावर उमटलेल्या उंचवट्यांचा व्यास म्हणजे नळीतल्या खाचांचा व्यास. येथे ली-एनफिल्ड हमखास फसवते. तिच्या बहुतेक नळ्यांना ५ खाचा असतात, त्यामुळे प्रत्येक खाचेच्या समोर दुसरी खाच येत नाही, तर दोन खाचांमधला उंच भाग येतो, आणि साध्या कॅलिपरच्या जबड्यांत शिसे धरले की माप खरे असते त्यापेक्षा कमी दिसते. माझ्याकडच्या रायफलीचे माप मी पहिल्यांदा असेच चुकीचे घेतले होते. व्ही आकाराच्या आधाराचा मायक्रोमीटर मिळाला तर उत्तमच. तो नसेल तर ठाऊक जाडीच्या पातळ पितळी पट्टीचा एकच वेढा शिशाभोवती घट्ट गुंडाळावा, त्यावरून माप घ्यावे आणि पट्टीची जाडी दोनदा वजा करावी. .३०३ च्या खाचांचे माप ०.३११ ते ०.३१३ इंचांच्या आसपास यायला हवे, पण युद्धकाळातल्या किंवा झिजलेल्या नळ्यांत ते ०.३१६ पर्यंतही जाते. ७.६२ × ५४ आर काडतुसाच्या मोसिन रायफलींना सामान्यतः ०.३१० ते ०.३१२ इंचांची गोळी चालते. नावात ७.६२ आहे म्हणून अमेरिकी ०.३०८ ची गोळी घातली तर ती नळीत सैल बसते आणि निशाण पसरते. इटालियन ६.५ मिलिमीटर कार्कानोची गोळी ०.२६८ इंचांची, तर स्वीडिश ६.५ ची ०.२६४ ची. नाव एकच असले तरी त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

आता पुंगळीकडे, म्हणजे काडतुसाच्या पितळी आवरणाकडे येऊ. .३०३ चे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) खांद्यावर, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते त्या उतारावर नव्हे, तर बुडाच्या कडेवर टेकते. बोल्टचे तोंड आणि ती कड टेकते ती जागा यांतील अंतर लष्करी गेजनुसार किमान ०.०६४ आणि कमाल ०.०७४ इंच धरतात. ली-एनफिल्डच्या नं. ४ रायफलीत बोल्टचे पुढचे डोके ० ते ३ अशा क्रमांकांत बदलून हे अंतर सांधता येते. परंतु चेंबरचा खांदा मात्र मुद्दामच पुढे आणि ऐसपैस ठेवलेला आहे, कारण चिखल-धूळ लागलेले काडतूसही आत गेले पाहिजे, ही लष्कराची गरज होती. शिवाय ली-एनफिल्डचे बोल्ट अडकवणारे उंचवटे मागच्या बाजूला असल्याने गोळीबाराच्या दाबाखाली बोल्ट आणि रिसीव्हर किंचित लवचिकपणे ताणले जातात. परिणामी पुंगळीचा पुढचा भाग चेंबरच्या भिंतींना चिकटून राहतो, बूड मागे सरकते आणि मधले पितळ ओढले जाऊन पातळ होते. रिकामी पुंगळी पूर्ण डायमधून (सबंध पुंगळीला मूळ मापात आणणाऱ्या साच्यातून) काढून तिचा खांदा प्रत्येक वेळी मागे ढकलला, तर पुढच्या वेळी हीच ओढाताण पुन्हा होते. तीन-चार फेऱ्यांत पुंगळी बुडाजवळ तुटते. मला याचा अनुभव आला तेव्हा बोल्ट ओढल्यावर हातात फक्त बूड आले, उरलेली नळकांडी चेंबरमध्येच अडकली होती, आणि गालाला लागलेली वायूची झुळूक गरम होती. चष्मा होता म्हणून निभावले. डोळ्यांचे संरक्षण केल्याशिवाय या रायफली हाताळू नयेत, हे मी त्या दिवसापासून कोणालाही आग्रहाने सांगतो.

यावरचा उपाय सोपा आहे. पहिल्या फेरीसाठी नव्या पुंगळीच्या कडेच्या पुढे लहानशी रबरी रिंग चढवली, तर काडतूस मागे बोल्टला टेकून राहते आणि पितळ मागे ताणण्याऐवजी खांद्यापाशी पुढे फुलते. त्यानंतर त्या पुंगळीचा आकार त्या रायफलीच्या चेंबरचा होतो, आणि पुढे फक्त मानेच्या डायने मान आवळावी. अशा पुंगळ्या दुसऱ्या रायफलीत घालू नयेत, तसेच अर्धस्वयंचलित रायफलींसाठी ही पद्धत वापरू नये. तिथे पुंगळी पूर्ण डायमधून जायलाच हवी.

पातळ होत चाललेले पितळ ओळखायला कागदाच्या क्लिपेची तार पुरते. ती सरळ करून टोक सुमारे २ मिलिमीटर काटकोनात वाकवावे, कानशीने त्याला अणकुचीदार करावे आणि पुंगळीत तळापर्यंत घालून भिंतीला टेकवत हळूच वर ओढावे. बुडापासून साधारण ६ ते १० मिलिमीटरांवर टोक खळीत अडकल्यासारखे वाटले, तर ती पुंगळी तोंड चेपून भंगारात टाकावी. बाहेरून त्याच जागी उजळ कडे दिसू लागते, पण तोवर बराच उशीर झालेला असतो. पुंगळीची लांबीही मोजावी. .३०३ साठी ती ५६.४४ मिलिमीटरांहून अधिक असू नये, कारण लांब झालेली मान चेंबरच्या टोकाला आवळली जाते, गोळीला मोकळेपणाने सुटू देत नाही आणि दाब वाढतो.

जुन्या सैनिकी साठ्यातल्या पुंगळ्या वापरायच्या असतील तर आत टॉर्च मारून पाहावे. तळाशी मधोमध एकच भोक दिसले तर ती बॉक्सर पद्धतीची आणि नेहमीच्या डायने प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) काढता येईल. दोन लहान भोके दिसली तर ती बर्डन पद्धतीची. तिच्यात नेहमीच्या डायची सुई घातली तर सुई मोडते. यात एक गमतीची गोष्ट अशी की, बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन होता, परंतु अमेरिकेत बॉक्सरची पद्धत रुजली आणि युरोपातल्या बहुतेक लष्करांनी बर्डनची. पाऱ्याच्या प्रायमरांच्या जुन्या पुंगळ्या पुन्हा भरू नयेत, कारण पारा पितळात शिरून त्याला ठिसूळ करतो.

प्रायमर बसवताना तो बुडाच्या पृष्ठभागापेक्षा किंचित खाली गेला आहे की नाही, हे बोट फिरवून पाहावे. एम१ गॅरंड आणि एसकेएस या रायफलींत फायरिंग पिन मोकळी असते आणि बोल्ट बंद होताना ती प्रायमरवर हलकेच आदळते, म्हणून वर राहिलेला प्रायमर काडतूस आपोआप उडवू शकतो. अशा रायफलीत सुटे काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट सोडू नये. गॅरंडसाठी दारू निवडतानाही सावध राहावे: तिच्या ऑपरेटिंग रॉडला फार मंद जळणारी दारू सोसत नाही, वायूच्या भोकापाशी दाब जास्त राहून रॉड वाकतो. मध्यम गतीची, गॅरंडसाठी म्हणून मापपुस्तिकेत वेगळी दिलेली दारूच घ्यावी.

दारू भरताना टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवावा आणि काम संपताच तो बंद करून जागी न्यावा. तराजू प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला ठाऊक वजनाच्या वजनाने तपासावा. मापे ग्रेनमध्ये असतात आणि १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन, त्यामुळे दोन एककांत घोटाळा झाला तर चूक लहान राहत नाही. पुस्तिकेतल्या कमाल मापाच्या सुमारे १० टक्के खालून सुरुवात करावी आणि थोडेथोडे वाढवावे. त्याहून खूप कमी मात्र करू नये, कारण मंद दारूचे अगदी अपुरे माप जळताना अनिश्चित वागते. भरलेल्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून गोळी बसवण्यापूर्वी सर्वांत टॉर्चने डोकावावे. दोनदा भरलेली किंवा रिकामी राहिलेली पुंगळी तिथेच उघडी पडते. गोळीबाराचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी मुळीच झाडू नये. रायफल मोकळी करून नळीत गोळी अडकलेली नाही ना, हे दांडा घालून पाहावे.

दाब वाढल्याची जी चिन्हे पुस्तकांत सांगतात, जसे की सपाट झालेला प्रायमर किंवा जड उघडणारा बोल्ट, ती या रायफलींत उशिरा दिसतात. जुन्या ली-एनफिल्डच्या मर्यादा मापपुस्तिकेने ठरवलेल्या आहेत. प्रायमर गोल दिसतो म्हणून त्या ओलांडण्याची परवानगी मिळत नाही. १९१० साली आलेल्या मार्क ७ काडतुसाची गोळी १७४ ग्रेनची होती आणि वेग सेकंदाला सुमारे २,४४० फूट होता. नळीच्या माथ्यावरचे, नेम धरण्याचे दर्शक याच काडतुसासाठी आखलेले असल्याने, त्या वजनाच्या गोळीने त्या वेगाच्या आसपास किंवा थोडे खाली थांबले तरी दर्शकांशी बऱ्यापैकी जुळते.

प्रत्येक पुंगळीच्या डब्यावर रायफलीचे नाव, गोळी, दारू, माप आणि त्या पुंगळ्या किती वेळा झाडल्या हे लिहावे. माझ्या डब्यांवर पाच उभ्या रेघांची जागा असते. पाचवी रेघ पडली की त्या डब्यातली प्रत्येक पुंगळी तारेने पुन्हा तपासली जाते, आणि एकीतही खळी लागली तर त्या डब्यातल्या सगळ्याच पुंगळ्या भंगारात जातात.