गावात ‘ऑफसाइड’ दाखवायचा तर

जाफर पनाहींचा हा २००६चा इराणी चित्रपट. तिथं तेव्हा मुलींना स्टेडियमबंदी होती, म्हणून यातल्या मुली मुलगे बनून फुटबॉल बघायला जातात आणि पकडल्या जातात. जाहीर प्रदर्शनाची परवानगी आधी काढा.

जागा जिल्हा परिषद शाळेचं पटांगण. देवळाचा सभामंडप नको. पाळीतल्या बाया येणार नाहीत, आणि सिनेमाचा विषय तर बायांना बाहेर ठेवणं हाच आहे! कापूस वेचणीचे दिवस टाळा. स्वयंपाक आटोपल्यावर, रात्री ८नंतर सुरू करा. पडद्याच्या चादरीच्या चारही कडा बांधा, नाहीतर वाऱ्यानं चेहरे डुलतात. लाईन जाणारच, इन्व्हर्टर ठेवा. सतरंजी पुढे बायांसाठी; एकदा पुरुष पुढे बसले की बाया भिंतीआड उभ्या राहतात.

खरी अडचण सबटायटलची. धावती अक्षरं वाचता वाचता चित्र निसटतं. एकीनं दोनदा पाहून माइकवर थोडक्यात वऱ्हाडीत सांगावं, प्रत्येक वाक्य नको.

चर्चेआधी दोन प्रसंग पुन्हा लावा. कठड्याआड कोंडलेल्या मुलींना शिपाई मॅचचं वर्णन ऐकवतो. कॅमेरा त्यांच्यापाशीच थांबतो, त्यामुळे मैदान आपल्यालाही दिसत नाही. दुसरा, बायांचं संडासच नसल्यानं मुलीला खेळाडूच्या पोस्टरचा मुखवटा घालून नेतात तो.

‘काय शिकलात?’ विचारलं की सगळ्या गप्प. ‘आपल्या गावात बायांना ‘मॅच’ बाहेरून, आवाजावरूनच कुठं कळते?’ असं विचारा. ग्रामसभेचं नाव निघतंच. पुरुषांना उत्तराची पाळी शेवटी द्या.