पंचेचाळीस अंशांत टिकणारी बॅटरी: विद्युतरसायन अभियांत्रिकीत येऊ पाहणाऱ्यांसाठी

बारावीच्या रसायनशास्त्रात विद्युतरसायनाचा एक धडा असतो. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत नर्न्स्टच्या समीकरणावरची काही गणिते आणि फॅराडेच्या नियमांवरची काही गणिते सोडवून तो लवकर आटोपला जातो, कारण परीक्षेत त्याला मोजकेच गुण असतात. बॅटऱ्या आणि फ्युएल सेल (हायड्रोजनसारख्या इंधनापासून थेट वीज देणारे सेल) तयार करण्याचा संपूर्ण व्यवसाय त्या एका धड्यावर उभा आहे असे सांगितले, की मराठवाड्यातील विद्यार्थी लगेच विचारतात, मग यासाठी प्रवेश कोणत्या शाखेला घ्यायचा? या प्रश्नाचे एका ओळीत उत्तर देता येत नाही. लिथियम-आयन बॅटरीसाठी 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांपैकी जॉन गुडइनफ यांची पीएच.डी. भौतिकशास्त्रातील होती, स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी मूळ काम एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत केले होते आणि अकिरा योशिनो हे रासायनिक उद्योगात नोकरी करणारे संशोधक होते. या क्षेत्रात शाखेपेक्षा कोणत्या प्रश्नांवर वर्षानुवर्षे बसण्याची तयारी आहे, याला अधिक महत्त्व असते, आणि त्या प्रश्नांचे स्वरूप आधी समजून घेतलेले बरे.

नवी बॅटरी शोधणे म्हणजे अधिक ऊर्जा साठवणारा पदार्थ शोधणे, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. असे पदार्थ मुबलक आहेत. एक मोल इलेक्ट्रॉनांचा विद्युतभार 96,485 कूलोम, म्हणजे 26.8 अँपिअर-तास असतो. लिथियमच्या अणुभाराने त्याला भागले की एका ग्रॅममागे सुमारे 3,860 मिलिअँपिअर-तास येतात, तर ग्रॅफाइटसाठी हाच आकडा 372 आहे. तरीही सोनीने 1991 मध्ये पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली तेव्हापासून तिचा ऋण इलेक्ट्रोड प्रामुख्याने कार्बनचाच राहिला आहे, कारण शुद्ध लिथियम चार्जिंगच्या वेळी सपाट न बसता सुईसारखे वाढते आणि प्रत्येक वेळी इलेक्ट्रोलाइटशी, म्हणजे सेलमधील आयन वाहून नेणाऱ्या द्रवाशी, थोडी थोडी अभिक्रिया करून स्वतः खर्च होत जाते. आमच्या कामाचा खरा विषय या नको असलेल्या, संथ, जवळजवळ न दिसणाऱ्या अभिक्रिया हा आहे. एखाद्या सेलमध्ये दर चक्राला, म्हणजे एकदा चार्ज करून उतरवल्यावर, 99.9 टक्के विद्युतभार परत मिळत असेल तर नवख्याला तो आकडा उत्तम वाटतो. पण लिथियमचा साठा मर्यादित असेल आणि तूट भरून निघत नसेल तर हजार चक्रांनंतर जेमतेम 37 टक्के उरतात. तोच आकडा 99.99 झाला तर 90 टक्के उरतात. दशांश चिन्हानंतरचा तो एक 9 मिळवण्यात माणसांची अख्खी कारकीर्द जाते, आणि ज्यांना हे ऐकून कंटाळा येतो त्यांनी या क्षेत्राच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिक्षणाच्या वाटांबद्दल थोडक्यात सांगतो. रासायनिक अभियांत्रिकी ही सर्वांत सरळ वाट आहे. मी स्वतः परभणी जिल्ह्यातील मराठी शाळेतून दहावी होऊन नांदेडला याच शाखेत शिकलो. मराठवाड्यात नांदेडची श्री गुरू गोबिंद सिंगजी संस्था, छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग आणि 2018 पासून जालन्यात सुरू झालेले मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र, असे पर्याय आहेत. विद्युतरसायन हा मुख्य विषय घेऊन अभियांत्रिकीची पदवी हवी असेल तर तमिळनाडूतील कारैकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेतला अभ्यासक्रम पाहावा. बॅटरी, विद्युत-लेपन आणि गंज या तिन्हींचे काम एकाच आवारात चालणारी अशी संस्था देशात दुसरी सापडणे कठीण आहे. बी.एस्सी. झालेल्यांनी हताश होऊ नये. एम.एस्सी. रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्र, नंतर नेट किंवा गेट आणि मग पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, सी-मेट (इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या पदार्थांवर काम करणारी सरकारी संस्था) किंवा एखादी आयआयटी, या वाटेने आलेले उत्तम सहकारी मला लाभले आहेत. मराठी माध्यमाची अडचण पहिले वर्षभर जाणवते, आणि ती मुख्यतः तोंडी सादरीकरणात जाणवते. समीकरणांत ती जाणवत नाही.

पदवीच्या काळात उष्मागतिकी, अभिक्रियेची गती आणि पदार्थवहन हे तीन विषय पक्के करावेत. व्होल्टेज किती मिळायला हवे हे पहिला विषय सांगतो, प्रत्यक्षात ते कमी का मिळते हे उरलेले दोन सांगतात. प्रवाह वाढवला की व्होल्टेज का पडते, या एका प्रश्नाचे उत्तर इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरील अभिक्रिया, इलेक्ट्रोलाइटमधील रोध आणि आयनांचा तुटवडा असे तीन भाग वेगळे करून देता आले, की निम्मे विद्युतरसायन समजले असे धरायला हरकत नाही. हे भाग प्रत्यक्षात वेगळे करण्याचे साधन म्हणजे पोटेन्शिओस्टॅट, इलेक्ट्रोडचे व्होल्टेज हवे तसे राखून प्रवाह मोजणारे यंत्र. तीन इलेक्ट्रोडांची मांडणी, चक्रीय व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज वर-खाली फिरवून प्रवाह पाहणे) आणि प्रतिबाधा मापन (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा रोध मोजणे) हे ज्या प्रयोगशाळेत हाताने करायला मिळेल तिथे, पाहिजे तर सुट्टीत विनावेतन काम करूनही, ते शिकून घ्यावे.

प्रयोगशाळेतील पहिले काम बहुधा नाण्याच्या आकाराचा सेल बनवण्याचे असते. त्याला सीआर 2032 म्हणतात: व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2 मिलिमीटर. सक्रिय पदार्थाची पूड, वाहक कार्बन आणि बंधक द्रावकात खलून दाट लेप करायचा, तो धातूच्या पातळ पत्र्यावर सारख्या जाडीने पसरायचा, निर्वात भट्टीत वाळवायचा, गोल चकत्या कापायच्या आणि मग आर्गॉन वायूने भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत) सेपरेटर (दोन इलेक्ट्रोड वेगळे ठेवणारा सच्छिद्र पापुद्रा) आणि इलेक्ट्रोलाइटसह बंद करायच्या. त्या पेटीत पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन प्रत्येकी दहा लाखांत एका भागापेक्षा कमी राखतात. इतकी काळजी कशासाठी? नेहमीच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट हा क्षार असतो आणि पाण्याच्या अंशाने त्यातून हायड्रोजन फ्लुओराइड तयार होते, जे इलेक्ट्रोडचे पृष्ठभाग खात सुटते. पावसाळ्यात केलेले सेल आणि मार्चमध्ये केलेले सेल वेगळे वागताना दिसले, तर पदार्थावर संशय घेण्यापूर्वी वाळवण्याच्या पायरीकडे पाहावे.

मी उमेदवारांना नेहमी विचारतो की धन बाजूचा पत्रा ॲल्युमिनियमचा आणि ऋण बाजूचा तांब्याचा का असतो. ऋण बाजूच्या कमी विभवावर ॲल्युमिनियम लिथियमशी मिश्रधातू बनवते, आणि धन बाजूच्या जास्त विभवावर तांबे विरघळते. याचाच पुढचा भाग दुरुस्तीच्या दुकानांत दिसतो: सेल शून्यापर्यंत उतरून पडून राहिला की ऋण बाजूचे तांबेही विरघळू लागते, पुन्हा चार्ज केल्यावर ते भलत्या जागी साचते आणि आतल्या आत शॉर्ट होण्याची शक्यता निर्माण होते. मेलेल्या सेलला झटका देऊन जागे करणाऱ्या कारागिरांना मी हे आवर्जून सांगतो. ऐकणारे थोडे असतात.

आता मराठवाड्याच्या उन्हाकडे येतो, कारण आपल्या भागातील विद्यार्थ्याजवळ असलेले हे भांडवल त्याच्या स्वतःच्या लक्षात आलेले नसते. जगभरातील शोधनिबंधांत बॅटरीच्या आयुष्याचे आकडे बहुतांशी 25 अंश सेल्सिअसला मोजलेले असतात. परभणी किंवा नांदेडला मे महिन्यात सावलीत पारा 42-43 च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या दुचाकीतील बॅटरी त्याहून तापते. दहा अंशांमागे अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो हा ढोबळ नियम धरला, तर 25 अंशांवरचे आयुष्य 45 अंशांवर सुमारे चौथाईवर येते. तापलेली बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवली तर ऱ्हास आणखी वेगाने होतो. लिथियम आयर्न फॉस्फेट हा पदार्थ उष्णतेत तुलनेने शांत राहतो म्हणून आपल्याकडे तो लोकप्रिय झाला आहे. त्याचे व्होल्टेज 3.2 आणि ऊर्जा कमी, तरीही आपल्या हवामानासाठी तो सौदा मला योग्य वाटतो. अर्थात त्यातील ग्रॅफाइट आणि इलेक्ट्रोलाइट तेच असल्याने उन्हाचा प्रश्न संपत नाही. विद्युत दुचाकींना लागलेल्या आगींनंतर 2022 मध्ये एआयएस-156 हे सुरक्षेचे मानक कडक करण्यात आले. या क्षेत्रात नोकरी शोधणाऱ्याने ते एकदा मुळातून वाचावे.

फ्युएल सेलची कथा निराळी आहे. विल्यम ग्रोव्ह यांनी 1839 च्या सुमारास हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज मिळवून दाखवली, परंतु उपयोगी यंत्र अंतराळयानांसाठी तयार व्हायला 1960 चे दशक उजाडले. सिद्धांताने 1.23 व्होल्ट मिळायला हवेत, प्रत्यक्ष वीज घेताना 0.6 ते 0.7 मिळतात, आणि हरवलेला भाग मुख्यतः ऑक्सिजनच्या इलेक्ट्रोडवर खर्च होतो, कारण प्लॅटिनम वापरूनही ती अभिक्रिया हट्टी आहे. दोन इलेक्ट्रोडांमधला आयन वाहून नेणारा पडदा ओला राहिला पाहिजे, पण इलेक्ट्रोडच्या छिद्रांत पाणी तुंबता कामा नये. हा तोल सांभाळणे हे फ्युएल सेल अभियंत्याचे रोजचे काम असते. उन्हाचा प्रश्न इथेही आहे. असा सेल साधारण 75 अंशांवर चालतो. बाहेर 20 अंश असताना उष्णता टाकण्यासाठी 55 अंशांचा फरक हाताशी असतो, बाहेर 45 असताना केवळ 30 उरतो, आणि तेवढीच उष्णता बाहेर टाकायला रेडिएटर जवळपास दुप्पट मोठा लागतो. थंड देशातील आराखडा जसाच्या तसा उचलून आणणाऱ्यांना हे गणित गाडी बांधून झाल्यावर आठवते. भारतात हे काम कल्पनेपुरते नाही: पुण्यात 2022 मध्ये केपीआयटी आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हायड्रोजनवरची बस सादर केली आणि अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी फॉस्फोरिक आम्लाचे फ्युएल सेल विकसित केले आहेत. जानेवारी 2023 मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर झाल्यापासून पाण्याचे विघटन करणाऱ्या इलेक्ट्रोलायझरच्या कामालाही मागणी आहे. एक किलो हायड्रोजनला किमान 9 लिटर शुद्ध पाणी लागते, एवढे मात्र टँकरवर उन्हाळा काढणाऱ्या तालुक्यांतील अभियंत्याने ध्यानात ठेवावे.

शोध लावण्याविषयी तरुणांच्या मनात जी कल्पना असते, तिच्यात प्रयोगाची नोंदवही आणि पेटंट कार्यालय नसते. तारीख घालून, पाने न फाडता, फसलेल्या सेलसह लिहिलेली नोंदवही ही या व्यवसायातील खरी मिळकत आहे. आपला शोध परिषदेत किंवा शोधनिबंधात आधी सांगून टाकला तर नावीन्य संपते आणि पेटंट बहुधा हातचे जाते. म्हणून आधी तात्पुरता अर्ज करावा, ज्यानंतर पूर्ण तपशील देण्यास बारा महिने मिळतात. नाण्याएवढ्या सेलमध्ये चाललेला पदार्थ मोठ्या सेलमध्येही चालेल, हे गृहीत धरू नये. लहान सेलमध्ये लेप पातळ असतो आणि इलेक्ट्रोलाइट भरपूर असते. कारखान्यात लेप जाड, दोन्ही बाजूंनी आणि इलेक्ट्रोलाइट मोजून घातलेले असते. माझ्या पाहण्यातील बहुसंख्य चांगल्या कल्पना याच टप्प्यावर थांबल्या.

नोकऱ्यांबाबत एक भेद समजून घ्यावा. आपल्याकडील पुष्कळ कंपन्या आयात केलेले सेल जोडून पॅक बांधतात. तिथे विद्युत, यांत्रिक आणि सॉफ्टवेअर अभियंत्यांना जास्त वाव असतो. सेल स्वतः बनवणाऱ्या कारखान्यात मात्र रसायन जाणणारा माणूस लागतो, आणि केंद्राने 2021 मध्ये जाहीर केलेल्या 18,100 कोटी रुपयांच्या उत्पादन-प्रोत्साहन योजनेचा रोख त्या बाजूला आहे. वाळूज आणि शेंद्र्याचा वाहन उद्योग जुना आहे. बिडकीनमध्ये विद्युत वाहनांचे प्रकल्प जाहीर झाले आहेत. त्यामुळे पुण्याला गेल्याशिवाय या क्षेत्रात काम नाही, ही माझ्या पिढीची अडचण पुढच्या पिढीला कमी भासेल असे वाटते. जुन्या शिसे-आम्ल बॅटरीच्या कारखान्यातील नोकरीला कमी लेखू नये. गॅस्टन प्लाँते यांनी 1859 मध्ये बनवलेल्या त्या बॅटरीत विद्युतरसायनाचे सगळे धडे आहेत, आणि तिथल्या मुकादमाला हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारी नळी) बघून जे कळते ते अनेक पदवीधरांना कळत नाही.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी महागडी उपकरणे नसतील तर आपल्या शेतातल्या आखाड्यावरचा बॅटरीचा फवारणी पंप घ्यावा. त्यातील 12 व्होल्टची बंद शिसे-आम्ल बॅटरी कापूस-सोयाबीनची फवारणी संपल्यावर अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पत्र्याखाली पडून राहते, शिशाच्या सल्फेटचे स्फटिक हळूहळू मोठे आणि निकामी होत जातात, आणि पुढच्या मृगाला ती चार्ज घेत नाही. एकाच बनावटीच्या काही नव्या बॅटऱ्या आणाव्यात. काही पूर्ण चार्ज करून घरात, काही पूर्ण चार्ज करून पत्र्याखाली आणि काही उतरवून पत्र्याखाली ठेवाव्यात. दर महिन्याला त्या पूर्ण चार्ज करून ठरावीक रोधकावर 10.5 व्होल्टपर्यंत उतरवाव्यात, मिळालेले अँपिअर-तास नोंदवावेत आणि प्रत्येक बॅटरी पुन्हा तिच्या ठरलेल्या स्थितीत आणून जागेवर ठेवावी. असे आलेख घेऊन मुलाखतीला आलेल्या उमेदवाराला मी पहिला प्रश्न विचारतो तो हा, की तापमान कुठे मोजले होते: खोलीतल्या हवेचे, की बॅटरीच्या पृष्ठभागाचे?