जाम पिस्टन ठोकण्याआधी
विहिरीवरचं डिझेल इंजिन दोन-चार पावसाळे बंद पडलं की पिस्टन लायनरला (तो ज्या नळीत वर-खाली होतो तिला) धरतो. हँडलला पाइप लावून जोर करू नका, कनेक्टिंग रॉड वाकेल. हेड (लायनरच्या वरचा भाग) उतरवा. पिस्टनच्या वर लायनरच्या भिंतीवर दिसणारा गंज आधी पॉलिश पेपरने घासून काढा. हे बहुतेक जण विसरतात आणि मग पिस्टनच्या रिंगा तिथेच अडकतात. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून पिस्टनवर बोटभर ओता (विडी लांब!). अ‍ॅसिटोन उडतं, म्हणून वर झाकण ठेवा, रोज थोडं घाला. आठवड्याने लायनरमध्ये सैल बसेल असा बाभळीचा ठोकळा ठेवून हलके ठोके द्या आणि फ्लायव्हील (इंजिनचं जड चाक) मागेपुढे डुलवा. केसभर हलला की निम्मं काम झालं. इंजिन सुरू करण्याआधी खालचं ऑइल मात्र बदला; ते मिश्रण झिरपून त्यातच उतरलेलं असतं.