मार्चआधी वेबसाइटची घड्याळं तपासा

नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असतो तेव्हाच युरोपची घड्याळं एक तास पुढे सरकतात. परदेशी खरेदीदारांना कॉलची वेळ घेता येईल अशी वेबसाइट पॅकहाउससाठी करत असाल, तर मोजणी इथूनच सुरू करा. नेदरलँड्स हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असतं, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेतीन. इथल्या दुपारी अडीचला तिकडे आधी सकाळचे दहा वाजायचे, आता अकरा. २०२७ मध्ये हा रविवार २८ मार्चला येतो. अमेरिकेतला बदल त्याआधीच, १४ तारखेला.

म्हणून आधी ठरवा की कॉल कुणाच्या घड्याळाला बांधलेला आहे. ही गोष्ट प्रोग्रामरवर सोडू नका. रोजचा कॉल नाशिकच्या अडीचचाच असेल तर 'एशिया/कोलकाता', खरेदीदाराच्या दहाचा असेल तर 'युरोप/ॲमस्टरडॅम', अशी स्थानिक वेळ आणि झोनचं (वेळेच्या पट्ट्याचं) नाव दोन्ही साठवा. घडून गेलेल्या नोंदींना यूटीसी, म्हणजे जगभर मानली जाणारी प्रमाण वेळ, पुरते, पुढच्या भेटींना नाही, कारण सरकारं नियम बदलतात. मेक्सिकोने २०२२ मध्ये देशाच्या बहुतेक भागात उन्हाळी वेळ बंद केली. पोस्टग्रेस या डेटाबेसचा 'टाइमस्टॅम्पटीझेड' प्रकार नावाने फसवतो; त्यातलं 'टीझेड' म्हणजे टाइम झोन. तो झोन साठवतच नाही, तेव्हा झोनसाठी वेगळा कॉलम लागेल. सर्व्हरवरचा टाइम झोनचा डेटाही हंगामाआधी अपडेट करून घ्या.

पाहुण्याचा झोन ब्राउझरलाच विचारा. पेज मागताना तो भाषा कळवतो, झोन कळवत नाही, आणि आयपी पत्त्यावरून काढलेला अंदाज खरं ठिकाण लपवणाऱ्या व्हीपीएनपुढे टिकत नाही. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेतलं 'इंटल' झोनचं नाव देतं. ते कुकीत (ब्राउझर जपून ठेवतो त्या छोट्या नोंदीत) ठेवून सर्व्हरला पाठवा. काही ब्राउझर अजून 'एशिया/कलकत्ता' म्हणतात, त्यामुळे नुसती अक्षरं जुळवू नका. यूटीसीपासूनचा फरक देणारं जावास्क्रिप्टचं 'गेट-टाइमझोन-ऑफसेट' भारतासाठी उणे ३३० सांगतं: मिनिटांत, उलट्या चिन्हाने, आणि फक्त त्या क्षणापुरतं. पहिल्या भेटीत कुकी नसते, तेव्हा 'भारतीय वेळ' असं स्पष्ट लिहून वेळ दाखवा. झोन बदलायची सोय हवीच. दौऱ्यावरचा माणूस घरच्या वेळेनेही बघत असतो.

चाचणीत तारखेचा बग मुद्दाम शोधा. '२०२७-०३-२८' एवढंच लिहिलं तर जावास्क्रिप्ट ती यूटीसीची मध्यरात्र धरतं. नाशिकच्या लॅपटॉपवर तेव्हा पहाटेचे साडेपाच होतात, तारीख बरोबर दिसते आणि कुणाला शंकाही येत नाही. न्यूयॉर्कचा ग्राहक मात्र २७ मार्च वाचतो. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये 'सेन्सर्स' उघडून लोकेशन बदललं की झोनही बदलतो. न्यूयॉर्क, ॲमस्टरडॅम आणि काठमांडू एवढी ठिकाणं तरी बघा.

राहिले रिमाइंडर. यूटीसीवरच्या सर्व्हरला नाशिकच्या सकाळी नऊसाठी क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) ३:३० चा लागतो. युरोपसाठी असा ठरलेला आकडा चालत नाही. दर १५ मिनिटांनी कुणाची वेळ झाली ते तपासणारं काम लावा. ३० मिनिटांचं अंतर ठेवलं तर यूटीसीच्या पावणेसहा तास पुढे असलेलं नेपाळ हुकतं.