घरातला पाइप ऑर्गन चर्चमध्ये नेताना

वॉरिकशरच्या आमच्या गावातल्या चर्चने एका बंगल्यातला जुना ऑर्गन घेतला, तेव्हा तो उतरवण्यापासून उभा करेपर्यंत मी कारागिरांच्या हाताखाली होतो. लहानपण वडिलांच्या पेटीदुरुस्तीच्या दुकानात गेल्यामुळे भाता आणि सूर ओळखीचे होते. पाइप मात्र तिथेच शिकलो.

असा ऑर्गन हलवणार असाल तर आधी आमच्या जवळच्या ग्रेट पॅकिंग्टनचं सेंट जेम्स चर्च बघून या. तिथला ऑर्गन टॉमस पार्करने बांधला तो चार्ल्स जेनेन्सच्या गॉप्सल हॉल या घरासाठी. संगीतकार हँडेलला ओरेटोरिओचे, म्हणजे गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या, बहुधा धर्मकथेवरच्या रचनांचे, शब्द जुळवून देणारे ते हेच जेनेन्स. १७४९ साली हँडेलने त्यांना पत्रातून स्टॉपची, म्हणजे एकेका प्रकारच्या आवाजाच्या पाइपसंचांची, यादी कळवली आणि रीडचे (पत्ती थरथरून वाजणारे) स्टॉप मुद्दाम गाळले: ते सारखे सुरातून उतरतात आणि खेडेगावात ते फार गैरसोयीचं. चर्च मोठं म्हणून घरच्या ऑर्गनला दणदणीत स्टॉप जोडायचा मोह झाला, की हे पत्र आठवा.

चर्च ऑफ इंग्लंडचं असेल तर डायोसिसची (धर्मप्रांताची) परवानगी, म्हणजे फॅकल्टी, हातात पडेपर्यंत स्क्रूसुद्धा फिरवू नका.

मग वही उघडा. वाऱ्याचा दाब पाण्याच्या यू-नळीने मोजा. मधल्या 'ए' सुराची कंपनसंख्या लिहा आणि शेजारी खोलीचं तापमान लिहाच. हवा अंशाने गार झाली की सूर साधारण ३ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरतो. बंगल्यात २० अंश, चर्चमध्ये १२, म्हणजे जवळजवळ पाव अर्धस्वर खाली. आमच्याकडेही कुणीतरी म्हणालं, पाइप थोडे कापू या. मुख्य कारागिरांनी वही दाखवली आणि चर्च गरम होईपर्यंत सगळ्यांना थांबवलं. कापलेला पाइप पुन्हा लांब होत नाही!

शिसं-कथिलाचे पाइप मऊ असतात. दोन्ही हातांनी अंगाला धरा, पाइपच्या तोंडाला, म्हणजे खालच्या बाजूच्या फटीला, बोट लावू नका. लांब पाइप आडवे ठेवताना खालून पूर्ण आधार द्या. त्यांवर कोरलेली जुनी अक्षरं पुसू नका, नवा क्रमांक चिठ्ठीवर लिहून बांधा.

नव्या जागी हीटर एकदम चढवू नका. वाऱ्याच्या पेटीचं, म्हणजे पाइप जिच्यावर उभे असतात त्या खोक्याचं, लाकूड तडकलं, की वारा शेजारच्या खान्यात शिरतो आणि न दाबलेले सूर कुजबुजतात.

आवाज कमी वाटला तरी दाब वहीतलाच ठेवा. ऑर्गन कोनाड्यात न कोंबता पुढे मोकळा उभा करा, आणि रविवारी चर्च माणसांनी भरलेलं असताना मागच्या बाकावर बसून ऐका.