व्हीएमला सीपीयूचे तेवढेच फीचर्स द्या जेवढे हायपरवायझरला झेपतात

दोन होस्ट, म्हणजे व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) चालवणारे सर्व्हर, एकाच मॉडेलचे प्रोसेसर, तरी एका रात्री लाइव्ह मायग्रेशनला, म्हणजे चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवायला, स्पष्ट नकार, एररमध्ये लिहिलेलं मिसिंग फीचर्स: एचएलई, आरटीएम. डोकं खाजवत बसलो. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंटेल प्रोसेसरमधली टीएए ही सुरक्षा त्रुटी जाहीर झाली, त्यानंतर बऱ्याच अपडेट्सनी टीएसएक्स हे प्रोसेसरचं फीचर बंद केलं, आणि एचएलई-आरटीएम हे दोन्ही फ्लॅग (फीचरची छोटी नावं) त्याचेच. माझा एक होस्ट अपडेट झालेला, दुसरा राहिलेला, आणि व्हीएम सुरू झालेलं जुन्यावर.

म्हणून सांगतो, प्रॉक-सीपीयूइन्फो (लिनक्समधली प्रोसेसरची माहिती देणारी फाइल) बघून फीचर्स ठरवू नका. तिथे चिपकडे काय आहे ते दिसतं, व्हीएमला काय मिळणार ते नाही. उदाहरणार्थ मॉनिटर हा फ्लॅग होस्टवर दिसतो पण केव्हीएम (लिनक्सचा हायपरवायझर, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) तो गेस्टला, म्हणजे व्हीएमला, आपणहून देत नाही, आणि उलट एक्स२एपिक हे फीचर प्रोसेसरमध्ये नसलं तरी केव्हीएम स्वतः इम्युलेट करून देऊ शकतो. विर्श ही लिबव्हर्टची (व्हीएम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची) कमांड, पण विर्श कॅपॅबिलिटीजसुद्धा होस्टचीच माहिती देतं, आपल्याला हवं ते विर्श डोमकॅपॅबिलिटीज, त्यात होस्ट-मॉडेलच्या भागात हायपरवायझर खरंच काय देऊ शकतो ते मिळतं.

आता काम. प्रत्येक होस्टवर विर्श डोमकॅपॅबिलिटीज चालवा, सगळ्यांचं आउटपुट एकाखाली एक एकाच फाइलमध्ये टाका, मग विर्श हायपरवायझर-सीपीयू-बेसलाइन ही कमांड मायग्रेटेबल ऑप्शन लावून त्या फाइलवर चालवा. सगळ्या होस्टना जमेल असा एकच सीपीयू ब्लॉक बाहेर येतो. नुसती सीपीयू-बेसलाइन नावाची जुनी कमांडही आहे, ती वापरू नका, ती हायपरवायझरला विचारतच नाही. व्हीएमचा मशीन टाइप (त्याला दाखवल्या जाणाऱ्या मदरबोर्डचा प्रकार) डीफॉल्टपेक्षा वेगळा असेल तर दोन्ही कमांडना तोच सांगा.

मिळालेला ब्लॉक विर्श एडिटने व्हीएमच्या सेटिंग्जच्या एक्सएमएलमध्ये जुन्या सीपीयू ब्लॉकच्या जागी टाका. त्यात चेक या अ‍ॅट्रिब्यूटची किंमत फुल ठेवा, मी तरी नेहमी ठेवतो, कारण पार्शलवर हायपरवायझरने एखादं फीचर गुपचूप गाळलं तरी व्हीएम सुरू होतं, फुलवर ते सुरूच होत नाही आणि गडबड तिथल्या तिथे कळते. एखादं फीचर मुद्दाम नको असेल तर त्याची पॉलिसी डिसेबल करा. फोर्सच्या वाटेला जाऊ नका, होस्टकडे नसलेलं फीचर गेस्टला आहे असं सांगून शेवटी गेस्टलाच फसवायचं.

मग व्हीएम पूर्ण शटडाउन करून पुन्हा स्टार्ट करा. आतून रीबूट मारून उपयोग नाही, जुनाच सीपीयू राहतो, आणि इथे खूप जण तासन् तास घालवतात. सुरू झाल्यावर विर्श डम्पएक्सएमएलमध्ये चालू व्हीएमचा सीपीयू ब्लॉक बघा, आणि गेस्टच्या आत एलएससीपीयू (सीपीयूची माहिती दाखवणारी कमांड) चालवून फ्लॅग जुळवा.

होस्ट-पासथ्रू, म्हणजे होस्टचा सीपीयू जसाच्या तसा व्हीएमला द्यायचा मोड? एकच होस्ट असेल तर बिनधास्त लावा, स्पीड छान मिळतो. पण मायग्रेशन करायचं असेल तर नको, कारण तिथे दोन्हीकडची फीचर्स जुळतात का ही लिबव्हर्टची तपासणी बहुतेक गळते, व्हीएम दुसरीकडे पोचतं, आणि मग तिथल्या सीपीयूत नसलेलं एव्हीएक्स-५१२ सारखं फीचर वापरणारा प्रोग्राम इल्लीगल इन्स्ट्रक्शन म्हणत पडतो, तोही कधी दोन दिवसांनी, तेव्हा मायग्रेशनचा संशयही कोणाला येत नाही.