'पुट ऑफ' कुठे आणि कसे वापरावे

'पुट' म्हणजे ठेवणे आणि 'ऑफ' म्हणजे बंद, अशी फोड करून 'पुट ऑफ'चा अर्थ लावायला गेलात तर हमखास फसाल. त्यापेक्षा आधी एवढेच बघा: पुढे काम आलेय की माणूस?

काम, बैठक, परीक्षा असे काही असेल तर अर्थ पुढे ढकलणे. 'दे पुट ऑफ द मीटिंग टिल फ्रायडे' म्हणजे बैठक आता शुक्रवारी होणार. 'कॉल्ड ऑफ' म्हणालात तर ती रद्दच झाली, आणि शुक्रवारी तुम्ही एकटेच जाऊन बसाल. औपचारिक पत्रात मात्र 'पोस्टपोन' बरे.

माणूस असेल तर खरी गंमत. 'द स्मेल पुट मी ऑफ माय फूड': त्या वासाने जेवणावरची इच्छाच उडाली. 'डोन्ट बी पुट ऑफ बाय द प्राइस': किंमत बघून बिचकू नका. एखाद्याचे वागणे 'ऑफ-पुटिंग' असेल, तर पहिल्या भेटीतच तो मनातून उतरतो. ब्रिटिश बोलण्यात आणखी एक छटा सापडते. कोणी नेम धरून उभा आहे आणि मित्र खिदळतोय, तर तो वैतागून म्हणेल, 'स्टॉप इट, यू आर पुटिंग मी ऑफ!' म्हणजे माझे लक्ष उडतेय.

अर्थ पक्का झाला की वाक्यरचना. 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' दोन्ही चालते, पण सर्वनाम आले की ते मध्येच बसते: 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' कधीच नाही. बोलताना जोर 'ऑफ'वर द्या.

पुढे क्रियापद आले तर त्याला 'इंग' लावा. 'आय पुट ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट' बरोबर, 'टू गो' चूक. इथे चूक सहज होते, म्हणून हे वाक्य सरळ पाठच करा. भूतकाळातही 'पुट'च राहते, 'पुटेड' नाही.

दिवा मालवायलाही काही जण 'पुट ऑफ' म्हणतात. चूक नाही, पण 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' जास्त रुळलेले आहे.

सरावाला दूर जायला नको. तुमचे रखडलेले एखादे काम घ्या आणि 'आय कीप पुटिंग ऑफ' ने वाक्य सुरू करा. हा 'कीप' लागला की नुसते पुढे ढकलणे उरत नाही, अस्सल चालढकल होते.